साखर कारखान्याचं गाव, तीन वर्षांचं अनुदान

आयर्लंडच्या पश्चिमेला, गॉलवे परगण्यात एक गाव आहे. नकाशावरची अक्षरं वाचली तर आपण त्याला ‘तुआम’ म्हणू. तिथले लोक ‘त्यूम’ आणि ‘च्यूम’ यांच्या मधलं काहीतरी म्हणतात. मी आपला तुआमच म्हणणार आहे. २०२२ च्या जनगणनेनुसार वस्ती साडेनऊ हजारांच्या आसपास. एवढ्याशा गावात दोन कॅथीड्रल, एक कॅथलिकांचं, एक प्रोटेस्टंटांचं. बाराव्या शतकात कोनॉटच्या राजांची इथे गादी होती. आणि १९३४ साली इथे साखर कारखाना आला. ऊस नव्हे, बीट. पण बाकीचं चित्र सांगली-कोल्हापूरच्या वाचकाला वेगळं रंगवून सांगायला नको. धुराडं पेटलं की गावाच्या खिशात पैसा खेळायचा. आपण ज्याला गळीत हंगाम म्हणतो, त्याला तिथले कामगार ‘कॅम्पेन’ म्हणत.

या कारखान्यात टॉम मर्फी नावाचा एक मुलगा फिटर म्हणून उमेदवारी करत होता. दहा भावंडांतलं शेंडेफळ. दिवसा कारखाना आणि संध्याकाळी ‘तुआम थिएटर गिल्ड’ या हौशी मंडळात नाटक. १९५९ च्या सुमाराला एका रविवारी गावच्या चौकात उभं असताना त्याचा मित्र नोएल ओडॉनहू त्याला म्हणाला, आपण एक नाटक का लिहू नये? विषय काय, याचं उत्तर दोघांकडेही नव्हतं. एवढं मात्र ठरलं की ते स्वयंपाकघरात घडणार नाही, कारण त्या काळचं आयरिश नाटक म्हणजे शेतकऱ्याचं स्वयंपाकघर, चूल आणि म्हातारी. त्यातून ‘ऑन द आउटसाइड’ ही एकांकिका झाली. नाचाच्या हॉलबाहेर दोन तरुण उभे आहेत, आतून वाद्यांचा आवाज येतोय आणि तिकिटाला पैसे नाहीत, एवढीच गोष्ट. पुढे मर्फी यांचं ‘अ व्हिसल इन द डार्क’ डब्लिनच्या अ‍ॅबी थिएटरने नाकारलं. १९६१ साली ते लंडनला स्ट्रॅटफर्ड ईस्टमध्ये झालं आणि गाजलं. २०१८ साली मर्फी गेले तेव्हा आयर्लंडने आपल्या सर्वांत मोठ्या नाटककारांपैकी एक म्हणून त्यांना निरोप दिला.

हे सगळं सांगण्याचं कारण असं, की याच तुआमची २०२० साली आयर्लंडच्या आर्ट्स कौन्सिलने एका नव्या योजनेसाठी निवड केली. योजनेचं नाव ‘क्रिएटिव्ह प्लेसेस’. ज्या गावांत, वस्त्यांत, बेटांवर कलेसाठीचा सरकारी पैसा सातत्याने पोहोचलेला नाही, तिथे तो पोहोचवायचा. तुआम हे प्रयोगाचं पहिलं गाव. म्हणजे ज्या गावाने देशाला टॉम मर्फी दिला, ते गाव सरकारी कागदावर कलेच्या बाबतीत वंचित.

सुरुवातीला मला यात विनोद दिसला. मग लक्षात आलं की चूक आपल्या समजुतीत आहे. ‘वंचित’ हा शब्द ऐकला की आपण त्या गावात काही नाही असं धरून चालतो. वास्तविक तो शब्द तिजोरीबद्दल बोलतोय, गावाबद्दल नाही. गावात सगळं होतं. १९५० च्या दशकात तुआमच्या हौशी रंगभूमीला कुणाचं अनुदान नव्हतं, असं म्हणणं अर्धंच खरं आहे. अनुदान होतं, ते साखर कारखाना देत होता. दरमहा पगार, ठरलेली पाळी, संध्याकाळ मोकळी, आणि उद्याही आपण याच गावात असणार ही खात्री. तालमीला माणूस रोज यायचा असेल तर याखेरीज काय लागतं?

रेल्वेची प्रवासी गाडी १९७६ मध्ये बंद झाली. कारखाना १९८६ मध्ये. योगायोग असा, की त्याच साली गावात ‘द सॉ डॉक्टर्स’ हा रॉक बँड उभा राहिला. गावाला बाहेरच्या जगाशी जोडणाऱ्या एन-१७ या महामार्गावर त्यांनी गाणं केलं आणि परदेशी गेलेल्या आयरिश पोरांच्या दोन पिढ्यांनी ते डोक्यावर घेतलं. १९९० मध्ये त्यांचं दुसरं एक गाणं नऊ आठवडे आयर्लंडमध्ये पहिल्या क्रमांकावर होतं. आणि त्याच १९८६ मध्ये शेजारच्या गॉलवे शहरात ‘मॅकनस’ स्थापन झालं: महाकाय बाहुले, मुखवटे, ढोल घेऊन रस्त्यावर उतरणारी मंडळी. १९८८ साली डब्लिनच्या सहस्राब्दीनिमित्त त्यांनी समुद्रकिनाऱ्यावर एक अवाढव्य गलिव्हर आणून झोपवला, तेव्हा ‘कम्युनिटी आर्ट्स’ म्हणजे काय हे सगळ्या देशाला प्रथम डोळ्यांनी दिसलं. व्यावसायिक कलाकार आणि गावची साधी माणसं यांनी मिळून काहीतरी करायचं. प्रेक्षक कोण आणि कलाकार कोण, ही रेघ पुसट करायची.

पण त्या गलिव्हरचे पैसे कुठून आले, ही जास्त मनोरंजक गोष्ट आहे. ऐंशीच्या दशकात आयर्लंडमध्ये बेकारी सतरा टक्क्यांपर्यंत गेली होती. सरकारने बेकारांसाठी रोजगार योजना काढल्या; आपल्याकडच्या रोजगार हमीच्या जवळची कल्पना, फक्त रस्ते खणण्याऐवजी कुठल्याही सामाजिक कामावर माणूस लावता यायचा. मॅकनससारख्या संस्थांनी या योजनेत सुतार, शिवणकाम करणारे, रंगारी, नट भरती केले. म्हणजे आयर्लंडची कम्युनिटी आर्ट्सची चळवळ मुख्यतः कामगार खात्याच्या पैशावर वाढली. आर्ट्स कौन्सिल १९५१ पासून होतं, पण ते बराच काळ ऑपेरा, चित्रप्रदर्शनं आणि डब्लिनच्या नाटकांत रमलेलं होतं. १९८३-८४ मध्ये ‘क्रिएटिव्ह अ‍ॅक्टिव्हिटी फॉर एव्हरीवन’ ही संघटना झाली. आद्याक्षरं जुळवली की ‘काफे’ होतं म्हणून मंडळी खूष होती. २००३ मध्ये तिचं नाव ‘क्रिएट’ झालं. आज आर्ट्स कौन्सिलच्या वतीने गावोगावच्या कलाकारांना आणि गटांना जोडून देणारी ‘आर्टिस्ट इन द कम्युनिटी’ योजना तीच चालवते, आणि तुआमचा प्रयोगही तिच्याकडेच होता.

रोजगार योजनेचा पैसा चांगला की वाईट? त्याने संस्था उभ्या केल्या, हे खरं. पण त्याची एक गोम होती. योजना माणसाला ठरावीक काळ ठेवायची आणि सोडून द्यायची. मुखवटा बनवायला शिकलेला मुलगा हात बसला की बाहेर, आणि नवा बेकार आत. देशाची बेकारी कमी झाली की योजना आटणार, हेही उघड होतं. पैसा यायचा तो माणसाच्या बेकारीमुळे, त्याच्या कलेमुळे नाही.

नव्वदच्या दशकात मायकेल डी. हिगिन्स कलामंत्री झाले. कवी माणूस, पुढे चौदा वर्षं देशाचा राष्ट्रपती. त्यांच्या काळात युरोपीय निधीतून गावोगावी कलाकेंद्रं बांधायला सुरुवात झाली, आणि त्यांच्यानंतरच्या मंत्र्यांनीही ती चालू ठेवली. लाँगफर्डचं बॅकस्टेज थिएटर १९९५ चं. डब्लिनच्या बॅलिमन वस्तीत, जिथले उंच मनोरे पुढे पाडले गेले, तिथे २००१ मध्ये ‘अ‍ॅक्सिस’ उभं राहिलं. देशातल्या सर्वांत कमी वस्तीच्या लायट्रिम परगण्यात कॅरिक-ऑन-शॅनन इथे जुन्या कोर्टाची इमारत २००५ साली ‘द डॉक’ नावाचं कलाकेंद्र झाली. इमारतींच्या या लाटेची टिंगल करणं सोपं आहे, मी ती करणार नाही. ज्या गावात पाऊस वर्षातले निम्म्याहून अधिक दिवस पडतो, तिथे छप्पर ही चैनीची वस्तू नसते. मात्र छपराला फीत कापता येते. छपराखाली रोज दिवा लावणाऱ्या माणसाच्या पगाराला फीत कापता येत नाही. बांधकामाला वेगळं खातं, चालवायला वेगळं खातं, आणि दुसऱ्या खात्यात पहिल्याइतकी ऊब कधीच नव्हती. नगरपालिकेच्या नाट्यगृहांची आपल्याकडची स्थिती पाहिलेल्या वाचकाला मी काय म्हणतोय ते कळेल.

याच काळात एक नियम फार परिणामकारक ठरला, तो म्हणजे ‘पर्सेंट फॉर आर्ट’. १९७८ मध्ये सुरू झाला, १९९७ नंतर सगळ्या खात्यांना लागू झाला: सरकारी बांधकामाच्या खर्चातला एक टक्का, ठरावीक मर्यादेपर्यंत, कलाकृतीसाठी. शाळा बांधली, घरं बांधली, रस्ता बांधला की एक टक्का कलेला. त्यातून बरीच शिल्पं महामार्गांच्या कडेला उगवली. नास गावाजवळ रस्त्याच्या खुणा रंगवलेला एक प्रचंड गोल आहे, १९९५ चा. गावाला वळसा घालून जाणाऱ्या रस्त्याची कला गावाबाहेरच राहणार, हा त्यातला गमतीचा भाग. ताशी शंभर किलोमीटर वेगाने जाणाऱ्या माणसाला ती तीन सेकंद दिसते. अलीकडे या एक टक्क्यातून शिल्पाऐवजी नाटक, संगीत, वर्षभराचा कार्यक्रमही करता येतो, हे चांगलं झालं.

आता पैशाच्या उगमाकडे येऊ, कारण तिथे एक टोचणारी गोष्ट आहे. १९८७ मध्ये आयर्लंडने राष्ट्रीय लॉटरी सुरू केली आणि तिच्या उत्पन्नाचा एक वाटा कलेकडे वळवला. २००७-०८ मध्ये ‘नॅशनल इकॉनॉमिक अँड सोशल फोरम’ या सरकारी सल्लागार मंडळाने दोन अहवाल काढले. पीट लन आणि एलिश केली या अर्थतज्ज्ञांनी आकडेवारी तपासली: कार्यक्रमांना जातं कोण? कमी शिकलेला, कमी कमावणारा माणूस नाटकाला, प्रदर्शनाला, मैफलीला फारच कमी जातो, हे कळायला अहवाल नको. पण त्यांनी शेजारी दुसरी गोष्ट ठेवली. लॉटरीची तिकिटं कोण घेतं? तुलनेने गरीब माणूस. म्हणजे सरकारी कलेचा काही खर्च कमी मिळकतीचे लोक उचलतात आणि खुर्चीत सुशिक्षित मध्यमवर्ग बसतो. मर्फींच्या एकांकिकेतले ते दोन तरुण आठवतात का? तिकिटाला पैसे नसलेले? हॉलच्या छपराचे पैसे मात्र त्यांनी भरले होते, असा त्या अहवालाचा अर्थ.

या अहवालावर काय झालं? मंदी झाली. २००८ मध्ये बँका बुडाल्या. आर्ट्स कौन्सिलचा निधी आठ कोटी युरोंच्या वर होता, तो २०१४ पर्यंत साडेपाच कोटींच्या थोडा वर इतका खाली आला. गरिबीवर काम करणारी ‘कॉम्बॅट पॉव्हर्टी एजन्सी’, जिने १९९७ मध्ये गरिबी आणि कला यांच्यावरच्या अहवालात पुढाकार घेतला होता, ती २००९ मध्ये सरकारी खात्यात विलीन करून टाकली. ज्या फोरमने लॉटरीचं गणित मांडलं, तो २०१० मध्ये बंद केला. दुखणं सांगणाऱ्यांचाच पगार आधी थांबला. कपात सगळ्यांना झाली खरी, पण राष्ट्रीय नाट्यगृह कपातीतही उभं राहतं. चार जणांची वस्तीतली संस्था एक वर्ष पैसा नसला की मोडते, आणि मोडली की पुन्हा जुळत नाही, कारण ती संस्था म्हणजे तिथल्या लोकांचा एका माणसावर बसलेला विश्वास असतो.

मंदीनंतर राजकारण्यांना कलेचा उमाळा आला. इथे एक मराठी धागा येतो म्हणून सांगतो. मालवणजवळच्या वराड गावच्या डॉ. अशोक वराडकरांचे चिरंजीव लिओ वराडकर २०१७ मध्ये पक्षनेतेपदाच्या लढतीत उतरले, तेव्हा त्यांनी कला, संस्कृती आणि वारसा यांवरचा खर्च सात वर्षांत दुप्पट करण्याचं वचन दिलं. ते पंतप्रधान झाले. त्यांच्या काळात वाढ हळूहळूच झाली. खरी उडी कोविडमध्ये बसली, जेव्हा सगळी थिएटरं बंद होती आणि कलाकार उपाशी मरतील हे कुणालाही नाकारता येईना. आर्ट्स कौन्सिलचा निधी २०१९ मध्ये साडेसात कोटी युरो होता, तो २०२१ मध्ये तेरा कोटींवर गेला आणि २०२५ मध्ये चौदा कोटी झाला. एक युरो म्हणजे ढोबळमानाने शंभर रुपये धरा, आणि सगळ्या देशाची लोकसंख्या पुणे आणि पिंपरी-चिंचवड एकत्र केल्याहून कमी, हेही लक्षात ठेवा. माणशी साधारण पंचवीस-सव्वीस युरो पडतात. पैसा नाही, ही सबब आता उरलेली नाही.

याच वाढीच्या काळात ‘क्रिएटिव्ह प्लेसेस’ आली. तुआमनंतर डब्लिनमधली डार्नडेल वस्ती, किल्डेअरमधलं अथाय, कॉर्क परगण्याच्या पश्चिमेची बेटं अशी ठिकाणं तिच्यात आली. बेटांमधलं शर्किन हे मला विशेष आवडतं. शंभरएक माणसांची वस्ती, होडीनेच जायचं, आणि तरी डब्लिनच्या तंत्रविद्यापीठाने तिथल्या विकास मंडळाबरोबर दृश्यकलेचा पदवी अभ्यासक्रम चालवला. योजनेची रीत मला पटते. आधी कार्यक्रम ठरवून कलाकार पाठवायचे नाहीत. एक समन्वयक नेमायचा, त्याला पगार द्यायचा, आणि सुरुवातीला त्याने फक्त लोकांत मिसळायचं. शाळेत, क्रीडा मंडळात, निर्वासितांच्या केंद्रात, म्हाताऱ्यांच्या चहाच्या बैठकीत. लोकांना काय हवंय ते ऐकायचं. मग स्थानिक मंडळी आणि कलाकार मिळून ठरवतील ते करायचं. सरकारी योजनेत ‘ऐकणे’ या कामाला पैसे मिळतात, हे मी तरी फारसं पाहिलेलं नाही.

तुआममध्ये ऐकण्याला आणखी एक अर्थ आहे. गावात १९२५ ते १९६१ या काळात कुमारी मातांसाठी आणि त्यांच्या बाळांसाठी नन्सनी चालवलेलं एक ‘होम’ होतं. कॅथरीन कॉर्लेस या स्थानिक गृहिणीने, इतिहासाची आवड म्हणून, तिथल्या मुलांच्या मृत्यूचे दाखले एकेक करून स्वखर्चाने मागवले. ७९६ दाखले आले. दफनाच्या नोंदी मात्र सापडेनात. २०१२ मध्ये त्यांनी या ‘होम’बद्दल लिहिलं ते ‘ओल्ड तुआम सोसायटी’ या स्थानिक इतिहास मंडळाच्या वार्षिकात. दोन वर्षांनी जगभरच्या वर्तमानपत्रांनी ते उचललं. २०१७ मध्ये सरकारी आयोगाने त्या जागी जमिनीखाली अर्भकांचे अवशेष असल्याचं सांगितलं, आणि जुलै २०२५ मध्ये रीतसर उत्खनन सुरू झालं. दिवाळी अंक काढणाऱ्या आणि वाचणाऱ्यांनी हे दोनदा वाचावं: एका छोट्या गावच्या हौशी मंडळाच्या वार्षिकातला एक लेख, आणि एका राष्ट्राला आपल्या तोंडाकडे आरशात पाहावं लागलं. गावात कलेचा पैसा कशाला, असा प्रश्न विचारणाऱ्याला मी उत्तर म्हणून हे वार्षिक दाखवेन.

पण पैसा मिळवायचा म्हणजे काय करावं लागतं, तेही जवळून पाहू. समजा, एखाद्या छोट्या गावात सहा बायकांना हिवाळ्यात कागदी कंदिलांची मिरवणूक काढायची आहे, मुलांना घेऊन. बांबू, कागद, एक कलाकार आठ शनिवार. मुलं आहेत म्हणजे शिकवणाऱ्या प्रत्येकाची पोलीस पडताळणी हवी. रस्त्यावर उतरायचं म्हणजे सार्वजनिक अपघात विमा हवा, ज्याच्या हप्त्याने गेल्या काही वर्षांत आयर्लंडमधल्या कित्येक गावजत्रांचा जीव घेतला. संस्थेची घटना हवी, बँक खातं हवं, हिशेब हवेत. अनुदान दहा हजार युरोंच्या घरात गेलं तर करभरणा प्रमाणपत्रही. अर्जात लिहायचं की या मिरवणुकीने गावावर काय परिणाम होईल आणि तो कसा मोजणार. आता हे लिहिता येणारी बाई बहुधा अशा गावात असते जिथे आधीच एक कलाकेंद्र आहे. ज्या गावाला गरज सर्वांत जास्त, त्याला अर्ज लिहिता येत नाही. आणि ज्याला लिहिता येतो, त्याला ही यादी पाठ असते. क्रिएटिव्ह प्लेसेसचा समन्वयक या दरीवरचा साकव आहे. म्हणून त्याचा पगार हा खर्चातला सर्वांत उपयोगी भाग, असं माझं मत.

अर्जांच्या या जंजाळावर उपाय म्हणून आर्ट्स कौन्सिलने २०१९ मध्ये एक संगणक प्रणाली करायला घेतली. जुन्या पाच प्रणाली मोडून एक नवी. ती कधी चाललीच नाही. २०२४ मध्ये काम सोडून दिलं, आणि २०२५ च्या फेब्रुवारीत बातमी फुटली की तिच्यावर सुमारे सदुसष्ट लाख युरो खर्च झाले होते. संसदेत गदारोळ झाला, संचालिकेला पद सोडावं लागलं. कंदिलांच्या मिरवणुकीसाठी दोन हजारांच्या पावत्या जोडणाऱ्या बायकांना ती बातमी वाचून काय वाटलं असेल, याची कल्पना वाचकाने करावी.

कलाकारालाच थेट पैसे द्यावेत, असाही एक प्रयोग याच सुमाराला झाला. २०२२ पासून दोन हजार कलाकारांना आठवड्याला ३२५ युरो, कशाचाही हिशेब न मागता. नऊ हजारांवर अर्ज आले आणि पात्र लोकांतून चिठ्ठ्या टाकून निवड झाली. सरकारने करून घेतलेल्या अभ्यासात दर युरोमागे समाजाला १.३९ युरो परत मिळाल्याचं निघालं आणि ऑक्टोबर २०२५ च्या अर्थसंकल्पात योजना पुढे कायम करायची घोषणा झाली. चांगलीच गोष्ट आहे. माझी शंका एवढीच की हा पैसा कलाकाराच्या मागे जातो, आणि कलाकार राहील तिथे खर्च होतो. कलाकार जिथे राहत नाहीत त्या वस्तीला तो कसा पोहोचणार?

शेवटी कॉर्कला जाऊ. शहराच्या उत्तरेला टेकडीवर नॉकनाहीनी ही सरकारी घरांची वस्ती आहे, सत्तरच्या दशकात वसवलेली. तिला लागूनच हॉलीहिल. हॉलीहिलमध्ये १९८० साली अ‍ॅपल कंपनीने कारखाना काढला. आज तिथे कंपनीचं युरोपचं मुख्यालय आहे. सप्टेंबर २०२४ मध्ये युरोपीय न्यायालयाने याच कंपनीकडून तेरा अब्ज युरोंची करबाकी वसूल करायला आयर्लंडला भाग पाडलं. व्याजासकट ती चौदा अब्जांवर गेली. हा पैसा घरं, पाणी, वीज आणि वाहतूक यांवर खर्च करायचं सरकारने ठरवलं. तेही बरोबरच आहे म्हणा.

त्याच टेकडीवर, त्याच रस्त्यांच्या जाळ्यात, ‘द केबिन स्टुडिओ’ आहे. गॅरी मॅकार्थी नावाच्या संगीतकाराने तो २०१२ मध्ये सुरू केला. वस्तीतली मुलं शाळेनंतर येतात, रॅप लिहितात, रेकॉर्ड करतात. कॉर्कच्या उत्तर भागाचा हेल, जो डब्लिनचे लोक चेष्टेने नक्कल करून दाखवतात, तो इथे दुरुस्त केला जात नाही. तालात बसवला जातो. २०१८ पासून सरकारचा ‘क्रिएटिव्ह आयर्लंड’ कार्यक्रम जून महिन्यात मुलांसाठी ‘क्रिन्यू ना नोग’ नावाचा मोफत कलादिन साजरा करतो. २०२४ च्या दिवसासाठी केबिनच्या मुलांनी आणि क्लेअर परगण्यातल्या लिस्डूनवार्ना इथे निर्वासितांच्या निवासात राहणाऱ्या मुलांनी मिळून एक गाणं केलं, ‘द स्पार्क’. मे महिन्यात ते इंटरनेटवर आलं आणि काही दिवसांत जगभर पसरलं.

मी ते माझ्या फोनवर पाहिलं, पहिल्यांदा आवाज बंद करून, लोकलमध्ये. तरीही कळत होतं की मुलांना कुणी ‘हसा’ असं सांगितलेलं नाही. एक मुलगी कॅमेऱ्याच्या इतक्या जवळ येते की मागचं सगळं दिसेनासं होतं. मग घरी येऊन आवाज लावून ऐकलं. ड्रम अँड बेसचा वेग, आणि त्यावर ही पोरं एकेक शब्द स्वच्छ उच्चारत निघालेली. एकाने सोडलेली ओळ दुसरा पडू न देता उचलतो. एवढी सफाई शनिवारच्या एका कार्यशाळेत येत नाही, हे संगीताचा रियाज केलेल्या कुणालाही सांगायला नको.

गाणं गाजल्यावर मंत्र्यांनी अभिनंदन केलं, वर्तमानपत्रांनी सरकारी गुंतवणुकीचं फळ म्हणून त्याच्याकडे बोट दाखवलं. त्यांचंही खोटं नाही. कलादिनाचा पैसा सरकारचाच. पण हिशेब नीट लावायला हवा. कलादिन एक दिवसाचा. तुआमचा प्रयोग तीन वर्षांचा ठरला होता. अधिकाऱ्यांची बाजू अशी की निधी मर्यादित आहे, एकाच गावाला कायमचा दिला तर दुसऱ्या गावाचा नंबर कधी लागणार? प्रश्न रास्त आहे. मला विचाराल तर गावं निम्मी घ्या आणि मुदत चौपट करा. तीन वर्षांत समन्वयकाला लोक नावाने हाक मारायला लागतात, आणि तेवढ्यात त्याचा करार संपतो. तुआमच्या लोकांनी एक साखर कारखाना जाताना पाहिलेला आहे. दर तीन वर्षांनी छोटं छोटं काहीतरी बंद होताना पाहायची त्यांना गरज नाही.

केबिनचं दार २०१२ साली उघडलं. ‘द स्पार्क’ २०२४ साली आलं. त्या गाण्यातली बरीचशी मुलं दार उघडलं तेव्हा जन्मलीही नव्हती.